मोहरीतल्या पेट्या

मॅडम,

मी चिडले आहे, आणि ज्यांच्यावर मनमोकळं चिडावं अशी माणसं आता माझ्याजवळ फारशी उरलेली नाहीत. घरी चिडले तर मुलगी "आई, चिल ना यार" म्हणते आणि कानात पुन्हा इअरफोन घालते. ऑफिसात चिडले तर सगळे एकदम नम्र होतात, आणि त्या नम्रपणाने मी अजूनच चिडते. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर चिडायची माझी हिंमत नव्हती. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्यानंतर तुमच्या खुर्चीवर बसलेले सरसुद्धा निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतात. तेव्हा आज चिडून घेते. थोडी तुमच्यावरही चिडणार आहे, आधीच सांगते.

दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत तुमच्याकडे पीएचडीला आले तेव्हा मी कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये वाढलेली सुभेदाराची मुलगी होते. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि साताऱ्याकडची आमची ती मराठीही दिल्लीच्या हवेत निम्मी झालेली. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, मोहरीवर कोणती कीड पडते? मी म्हटलं, माहू. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "मराठी घरातली ना तू? मग मावा म्हण." मला मावा फक्त बर्फीतला माहीत. मी तसं सांगितलं तर तुम्ही हसला नाहीत, पण पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंत आणि तुमच्या सरकारी क्वार्टरच्या अरुंद स्वयंपाकघरात मला उभं करून एकेका वस्तूचं नाव विचारत बसलात. उलथनं, सांडशी, झारा. मला निम्मी येत नव्हती. तुम्ही उकड करताय. ताक फोडणीला पडलंय, तांदळाचं पीठ तुम्ही माझ्या हातात देता आणि म्हणता, घाल. मी सगळं एकदम घालते. गुठळ्या होतात. तुम्ही नुसतं ढवळत राहता, आणि शेवटी आपण दोघी ती उकड गुठळ्यांसकट खातो, वर कच्चं तेल घेऊन. खाताना तुम्ही गांडुळांबद्दल बोलत होतात. जेवताना गांडुळांबद्दल बोलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

तुमच्या तोंडून सहज कौतुक निघत नसे. त्याऐवजी हातून वस्तू निघत. मी चपला घालून शेतात येते हे पाहून तुम्ही एकदा करोलबागेतून गमबूट आणलेत, एक नंबर मोठे, आणि ते माझ्या टेबलाखाली ठेवून निघून गेलात. दोन मोजे घालून मी ते कितीतरी वर्षं वापरले. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, महाराष्ट्र सरकारच्या त्या अतिथिगृहात, तुमच्या ओळखीच्या कुणी बाई होत्या, त्यांच्याकडून ज्वारीचं पीठ आलं की एक पिशवी माझ्या आईसाठी वेगळी निघायची. आईला वाटायचं, तुमचा माझ्यावर फार जीव आहे. मला वाटायचं, मॅडमना मी कामाची वाटते. दोन्हींतलं खरं काय, ते तुम्ही कधी कळू दिलं नाहीत.

मग तो दिवस. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण तुमच्या टेबलावर होतं. एक कीटकनाशक मिसळलेल्या मातीत मी गांडुळं ठेवली होती, ती मेली नव्हती, आणि मी मोठ्या आनंदाने शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की हे औषध गांडुळांना सुरक्षित आहे. तुम्ही मला खोलीत बोलावलंत आणि दार उघडंच ठेवलंत. बाहेर बाकीचे ऐकतायत हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "गांडुळं मेली नाहीत, एवढंच तू पाहिलंस. तेवढंच लिही. सुरक्षित हा शब्द तुझा नाही." मी रडवेली होऊन विचारलं, मग कुणाचा? तुम्ही कागद परत दिलेत. मी पुन्हा त्या मातीत बसले आणि या वेळी गांडुळं सोडून त्यांच्या अंड्यांचे कोष शोधले. औषधाच्या मातीत ते जवळजवळ नव्हतेच. जनावरं धडधाकट होती, फक्त त्यांना पिल्लं होणार नव्हती.

तो शब्द कुणाचा, हे त्या दिवशी तुम्ही सांगून टाकायला हवं होतं. कारण गेली काही वर्षं मी गुरुग्रामच्या एका खासगी प्रयोगशाळेत आहे, काचेच्या टॉवरच्या मधल्या मजल्यांवर, आणि तिथे जो येतो त्याला माझ्याकडून नेमका तोच शब्द हवा असतो. कंपन्या त्यांची औषधं आमच्याकडे पाठवतात. आम्ही ती मासे, गांडुळं, मधमाश्या यांच्यावर तपासतो आणि अहवाल देतो. तो अहवाल पुढे सरकारी परवानगीसाठी जातो. तुम्ही या नोकरीला नाक मुरडलं असतंत. मीही मुरडत होते. पण संस्थेत जागा निघत नव्हती, आणि काम मात्र तेच होतं, किंबहुना उपकरणं जास्त चांगली होती.

दोन वर्षांपूर्वी एक नवीन औषध आलं. नवीन म्हणजे आतलं विष जुनंच, तुमच्याही काळात होतं ते. पण त्याचे इतके बारीक कण केलेले की आपल्या त्या जुन्या मायक्रोस्कोपखाली काहीच दिसलं नसतं. प्रत्येक कणाभोवती कोळंबीच्या टरफलांपासून काढलेल्या पदार्थाचं पातळ कवच. ते पानाला चिकटतं, सहजी धुऊन जात नाही, आतलं औषध हळूहळू सुटतं, त्यामुळे कमी फवारावं लागतं. आजकाल याला नॅनो म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की अर्धे लोक टाळ्या वाजवतात आणि अर्धे लोक घाबरतात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी रोज टाकतं की नॅनो आपल्या भाजीतून मेंदूत शिरणार. त्याच ग्रुपवरचे काका बाल्कनीतल्या तुळशीवर झुरळांचा स्प्रे मारतात. मला दोन्हींचा सारखाच वैताग येतो, कारण दोघांनाही जाणून घ्यायचं काही नाहीये.

औषध घेऊन आलेला कंपनीचा मॅनेजर पुण्याचा निघाला. चाळिशीच्या आतबाहेरचा, नीट बोलणारा. आडनाव ऐकून लगेच मराठीवर आला. "अच्छा, म्हणजे तुम्ही आपल्याच! मग टेन्शनच नाही," म्हणाला. मला अशा वेळी टेन्शन येतं. पण तो खोटा माणूस नव्हता, मॅडम, हे मी मुद्दाम लिहिते. त्याचे काका विदर्भात कापसावर फवारता फवारता शेतात कोसळले होते आणि त्यानंतर कधी पूर्ण बरे झाले नाहीत. पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या अंगावर कमी विष पडावं, यासाठी आपण हे काम करतो, असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याने समोरचा बिस्किटांचा ट्रे उगाच सरळ केला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अजूनही ठेवते. माझी अडचण तिथेच आहे. समोर लबाड माणूस असता तर सोपं गेलं असतं.

प्रयोगशाळेत निकाल चांगले आले. साध्या फवाऱ्याने जितक्या मधमाश्या मरतात त्यापेक्षा या औषधाने फार कमी मेल्या. मलाही बरं वाटलं. मग शेतावरची चाचणी ठरली, पानिपतच्या पुढे एका गावात, मोहरीवर, माव्यासाठी. माघातली पिवळीजर्द मोहरी, पलीकडे कालवा, आणि कालव्याच्या बांधावर मधमाश्यांच्या लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या. त्या पेट्या एका बाईच्या होत्या. साधारण माझ्याच वयाच्या, डोक्यावर नवऱ्याचा मफलर गुंडाळलेल्या. थंडीत मोहरीवर, मग सफेद्यावर, म्हणजे आपल्या निलगिरीवर, मग बिहारात लिचीवर, अशा त्या फुलांमागे पेट्या फिरवतात. आम्ही सगळं नियमाने केलं. त्यांना आधी कळवलं, माश्या पेटीत परतल्यावर संध्याकाळी फवारलं, दुसऱ्या दिवशी पेट्यांसमोर चादर अंथरून मेलेल्या माश्या मोजल्या. नेहमी पडतात तेवढ्याच पडल्या होत्या. मावा साफ गेला. मॅनेजरने फुलावर बसलेल्या माशीचा फोटो काढला, तो पुढे त्यांच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर आला.

मोहरीच्या शेंगा भरल्या तेव्हा त्या बाईंचा फोन आला. मी गेले. त्यांनी पेटी उघडली, धूर दिला, पोळ्याची एक लाकडी फ्रेम वर उचलली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, "देखो मैडम, बच्चे गए." मोठ्या माश्या होत्या, पण घराघरांत जिथे पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या असायला हव्यात तिथे काळपट पडलेलं काहीतरी होतं, खाली बसलेलं. सगळ्या पेट्यांत नव्हतं. बऱ्याच पेट्यांत होतं. मी तिथे बांधावर उभी आहे, हातात मोजे आहेत, आणि मला एकदम तुमची ती खोली आठवते, उघड्या दारासकट. मोठी जनावरं धडधाकट. पिल्लं नाहीत.

गाडीत बसेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं, आणि तेच मला पुढे छळत राहिलं. विष कवचात बंद असतं, म्हणून फुलावर बसणाऱ्या माशीला काही होत नाही. पण कवच चिकट आहे, ते पानाला चिकटतं तसंच परागालाही चिकटणार. माशी तो पराग पायांवर गोळा करून पेटीत नेणार, तिथे तो साठवला जाणार, कवच हळूहळू उघडणार, आणि तोपर्यंत तो पराग पिल्लांच्या तोंडात गेलेला असणार. ज्या गुणासाठी या औषधाचं कौतुक, त्याच गुणाने हे होत असेल. असेल. हा शब्द किती कमकुवत आहे, हे मला त्यानंतरच्या महिन्यांत कळलं.

कारण कुणालाच माझ्यासारखी शंका नव्हती, सगळ्यांना खात्री होती. मॅनेजर म्हणाला, यंदा थंडी किती पडली, पिल्लं गारठून मेली असणार. पेट्यांच्या बाई म्हणाल्या, कालव्याच्या पलीकडे मोबाइलचा टॉवर उभा राहिलाय, हे त्याचंच काम. मी त्यांना परागाचं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, औषध तर सगळेच मारतात, वर्षानुवर्षं मारतात, टॉवर नवा आहे. मला त्यांच्यावर चिडता येईना, कारण नवं काय आहे याचा शोध घेण्याची त्यांची पद्धत माझ्याहून फार वेगळी नव्हती, फक्त उत्तर चुकीचं होतं. म्हणजे चुकीचं असावं.

आम्ही पोळ्यातला पराग आणला आणि तपासला. विष सापडलं. मी उठून मॅनेजरला फोन करणार तेवढ्यात लक्षात आलं, की हेच जुनं विष आजूबाजूचा प्रत्येक शेतकरी बाजारातल्या साध्या बाटलीतून फवारतो. सापडलेलं विष कवचातून आलं की बाटलीतून, हे विष स्वतः सांगत नाही. मग कवच शोधायचं ठरवलं. ओळखीने, हातापाया पडून एका ठिकाणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर वेळ मिळवला. पडद्यावर बारीक गोल कण दिसले, खूप दिसले. धूळसुद्धा तशीच गोल दिसते, मॅडम. मातीत, परागात, दिल्लीच्या हवेत, तेवढ्या आकाराचे कण जन्मापासून भरलेले आहेत. आमचे कुठले आणि निसर्गाचे कुठले? शिवाय कवच विरघळणारं, तेही त्याच्या कौतुकातलंच एक. विरघळलं असेल तर ते मला मिळणार नाही, आणि मिळालं नाही तर ते नव्हतंच, असं म्हणणारे पुढच्या खोलीत बसले होते. अळ्यांना काही रोग होता का तेही तपासलं, त्यातही धड काही निघालं नाही. नॅनोसाठी सरकारी मार्गदर्शक सूचना आल्यात, त्या मी वाचल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर प्रश्न बरे विचारलेत. पण उघड्या शेतात ते मोजायचं कशाने, हे माझ्याइतकंच त्या लिहिणाऱ्यांनाही माहीत नसावं.

पेट्यांच्या बाई एकदा गुरुग्रामला आल्या. मेट्रोतून उतरून विचारत विचारत, त्या मफलरमध्येच. आमच्या रिसेप्शनच्या पांढऱ्या सोफ्यावर त्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "आप लिख दो ना, किससे मरे. जो भी है, लिख दो." टॉवर लिहा, औषध लिहा, थंडी लिहा, पण लिहून द्या, म्हणजे गावात मला खोटी म्हणणार नाहीत. मी त्यांना म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं, ती काच, ते एसी, भिंतीवरची प्रमाणपत्रं. एवढं सगळं असून? असं त्या म्हणाल्या नाहीत. चहा पूर्ण प्यायल्या, कप स्वतः उचलून ठेवला आणि गेल्या.

त्या दिवशी मी तुमच्यावर पहिल्यांदा चिडले. तुम्ही एका बैठकीत एका कीटकनाशक पावडरीबद्दल "मला माहीत नाही" म्हणाला होतात, मी मागच्या रांगेत होते. पुढच्या रांगेतले लोक हसले होते, कुणीतरी म्हणालं होतं, मग आम्ही तुम्हाला बोलावलं कशाला? तुम्ही पदर सारखा करून खाली बसलात. मला त्या वेळी तुम्ही फार मोठ्या वाटलात. नंतर संस्थेचं संचालकपद तुम्हाला मिळालं नाही, आणि ती पावडर त्यानंतरही बरीच वर्षं विकली गेली. ते मी जमेत धरलंच नव्हतं. प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हणणं तुम्ही मला शिकवलंत, पण ते म्हटल्यावर समोरच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते शिकवलं नाहीत. तुम्ही आजारी होतात तेव्हा मी हॉस्पिटलात यायचे, तुम्ही नळ्या लावलेल्या हाताने खूण करून विचारायचात, माती बदललीस का? तेव्हा विचारायला हवं होतं. पण तेव्हा आपण मातीबद्दलच बोललो.

अहवाल लिहायची वेळ आली. मी निष्कर्षात लिहिलं, की ठरवून दिलेल्या चाचण्यांत प्रौढ माश्यांची मरतूक कमी आढळली. पिल्लांवरचा परिणाम अनिर्णित आहे, आणखी एक हंगाम पाहणं आवश्यक आहे. मॅनेजर आला. त्याने ते वाक्य दोनदा वाचलं. म्हणाला, "मॅडम, बिल्कुल काढू नका. फक्त मागे परिशिष्टात टाका. तिथेही ते खरंच राहील ना?" मी म्हटलं, परिशिष्ट कोण वाचतं? तो म्हणाला, "आणि तुमची पिल्लं कळेपर्यंत माझे लोक जुनंच औषध पाठीवर घेऊन फिरतील, त्याचं काय? ते कुठल्या परिशिष्टात?" आमचे संचालक मध्ये पडले, त्यांच्या मते वाक्याची जागा हा काही तत्त्वाचा प्रश्न नव्हता. मी सही करायला नकार दिला. मोठ्या आवाजात नाही, नुसतं पेन खाली ठेवलं. वाटलं होतं, दुसऱ्या कुणाची तरी सही घेतील आणि मला मासे मोजायला बसवतील. तसं झालं नाही. आठवड्याभराने मॅनेजरचा फोन आला, म्हणाला, ठीक आहे, एक हंगाम अजून करू, पण जे निघेल ते तुम्हीही मान्य करायचं. मी म्हटलं, हो. त्या क्षणी मला तो आवडला आणि त्याचा रागही आला.

यंदाच्या थंडीत पुन्हा तेच शेत. या वेळी पेट्या आम्हीच मांडल्या, काही फवारलेल्या मोहरीशेजारी आणि काही पार दूर, औषध पोचणार नाही अशा ठिकाणी. त्या बाईंना मी विचारलं होतं, तुमच्या पेट्या द्याल का? त्यांनी नको म्हटलं. त्या यंदा राजस्थानच्या बाजूला गेल्या, तिथे टॉवर लांब आहे म्हणून. आणि यंदा धुकं असं पडलं की संपता संपेना. सूर्य दुपारी उगवल्यासारखं करायचा आणि विझायचा. माश्या पेटीच्या तोंडाशी येऊन परत आत जात होत्या. मावासुद्धा तुरळकच पडला. मला रोज दिसत होतं की हा हंगाम काही कामाचा नाही, माश्यांनी त्या शेतातला पराग नेलाच किती असेल? पण ठरलं ते ठरलं.

आज दुपारी पेट्या उघडल्या. मॅनेजर स्वतः आला होता, जाळीची टोपी घालून, माझ्याहून जास्त घाबरलेला. मी पहिली फ्रेम उचलली. अळ्या जिवंत होत्या. पांढऱ्या, टपोऱ्या, घराघरांत वळून बसलेल्या, प्रत्येकीच्या तळाशी खाण्याचा दुधट थेंब. दुसरी फ्रेम तशीच. सगळ्या पेट्या तशाच, जवळच्याही आणि लांबच्याही. जाळी वर करून मॅनेजरने डोळे पुसले, धुराने असेल. परतीच्या वाटेवर मुरथलला पराठे खायला थांबलो तेव्हा त्याने हळूच विचारलं, "आता लिहाल ना?" मी म्हटलं, "लिहीन. या हंगामात अळ्या जिवंत होत्या, असं लिहीन. धुक्यामुळे माश्या फारशा उडाल्या नाहीत, हेही लिहीन." त्याने लोण्याचा गोळा पराठ्यावर पसरला. मग म्हणाला, तुम्हाला कधी पुरेसं होणार आहे का मॅडम? हे त्याने भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उद्या मी अहवाल लिहायला बसेन. तो पुढे जाईल, बहुतेक परवानगी मिळेल, माझी दोन्ही वाक्यं कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी वाचेल किंवा वाचणार नाही. औषध कदाचित खरंच चांगलं असेल. कदाचित कुणाचे तरी काका शेतात कोसळणार नाहीत. आणि एखाद्या कोरड्या, लख्ख उन्हाच्या माघात, मोहरी फुललेली असताना, कुठल्यातरी बांधावर कुणीतरी फ्रेम वर उचलेल आणि टॉवरला शिव्या देईल. यातलं काय होईल ते मला माहीत नाही. हे वाक्य मी आता इतक्यांदा लिहिलंय की त्यातला प्रामाणिकपणा मला ऐकूसुद्धा येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट इथे लिहून ठेवते, जी अहवालात लिहायला जागा नाही आणि मुलीला सांगितली तर तिला समजणार नाही. आज पहिल्या पेटीचं झाकण मी उचललं, तेव्हा आत पाहायच्या आधी मला वाटत होतं की अळ्या मेलेल्या असतील. वाटत होतं म्हणजे, मॅडम, मला तसं हवं होतं.